घोडखिंडीचा भाव काय?

दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी कुरकुंभच्या चौकात, म्हणजे पुणे-सोलापूर महामार्गाला दौंड-बारामतीचा रस्ता छेदतो तिथे, नाहीतर पुणे जिल्ह्यातल्या कुठल्याही बाजारात जा. किल्ल्यावर ठेवायचे मातीचे मावळे ओळीने मांडलेले दिसतील. कुणाच्या हातात भाला, कुणी तोफेला बत्ती देतोय, कुणी तुतारी फुंकतोय. त्यांची किंमत कशावरून ठरते? उंचीवरून आणि रंगकामावरून. भालेवाल्यापेक्षा तोफवाला लढाईत किती भारी, हा प्रश्न ना विकणाऱ्याला पडतो ना घेणाऱ्या पोराला.

पण समजा, पडला. समजा, प्रत्येक मावळ्याची किंमत त्याच्या ताकदीवर ठरवायची आहे, आणि तीही इतकी चोख की दोन पोरांनी सारख्याच पैशांत आपापली फौज घेतली, तर सामना अटीतटीचा व्हावा. आता तुम्ही एका फार सुंदर कोड्यात शिरलात. हे कोडं सोडवणं हे जगात काही लोकांचं पोटापाण्याचं काम आहे.

'मार्व्हल: क्रायसिस प्रोटोकॉल' हा टेबलावर मांडायचा खेळ २०१९ मध्ये ॲटॉमिक मास गेम्स या कंपनीने आणला. तीन फूट लांब, तीन फूट रुंद पट. त्यावर सुपरहिरोंचे प्लॅस्टिकचे छोटे पुतळे, आपणच जोडायचे, आपणच रंगवायचे. प्रत्येक वीरासोबत एक पत्ता आणि त्यावर एक आकडा, त्या वीराचा दर. मूळ संचातली ब्लॅक विडो २ ची, कॅप्टन अमेरिका ४ चा. नंतर आलेला हल्क ६ चा. दोन्ही खेळाडूंनी ठरलेल्या एकूण दरात आपला चमू बसवायचा. नवा वीर बाजारात आला की जगभरचे खेळणारे त्याचा पत्ता हातात घेऊन एकच प्रश्न विचारतात: हा आपल्या दराला जागतो का?

सुरुवात फाशापासून करू. या खेळाचा फासा आठ बाजूंचा. दोन बाजूंवर मार, एकीवर ढाल, एकीवर हुकमी चिन्ह, एकीवर महामार, एकीवर फजिती आणि दोन कोऱ्या. हल्ला करणाऱ्याला मार, हुकमी आणि महामार उपयोगी, म्हणजे आठातल्या चार बाजू. बचाव करणाऱ्याला ढाल, हुकमी आणि महामार, म्हणजे तीनच. सगळा खेळ या एका बाजूच्या फरकाने हल्ल्याकडे झुकवलेला आहे! महामार पडला की आणखी एक फासा टाकायला मिळतो, पण ती सवलत एकदाच. हे सगळं धरून पाच फाशांच्या हल्ल्यात सरासरी २.८ फटके बसतात आणि तीन फाशांचा बचाव त्यातले १.३ अडवतो. उरला दीड.

दीडच? नाही, त्याहून थोडा जास्त. एखाद्या वेळी बचाव हल्ल्यापेक्षा सरस पडला, तरी इजा शून्याखाली जात नाही. मार खाणाऱ्याची जखम उलटी भरून येत नाही ना! ही तळाची मर्यादा सरासरीला गुपचूप वर ढकलते. दोन सरासऱ्यांची वजाबाकी म्हणजेच सरासरी इजा असं धरून चालणारे भलेभले इथे फसतात.

आता या खेळातला मला सगळ्यात हुशारीचा वाटणारा नियम. वीराला जितकी इजा होते, तितकी शक्ती त्याच्या खात्यात जमा होते, आणि तीच खर्चून तो पुढे मोटारी फेकतो, भिंती ओलांडतो, मित्राला वाचवतो. म्हणजे तुम्ही शत्रूला अर्धवट ठोकलंत, तर तुम्ही त्याला इंधन पुरवलंत. मग पत्त्यावर चार फाशांचा किरकोळ हल्ला पाहून तुम्ही ज्याला सामान्य म्हणालात, तो चिवट गडी मार खाऊन खाऊन तिसऱ्या फेरीत पटावरचा सगळ्यात धोकादायक माणूस झालेला असतो. ही गोष्ट पत्त्यावर कुठेच छापलेली नसते.

२००२ साली आलेल्या 'हिरोक्लिक्स'ने याच्या उलट वाट धरली. तिथे पुतळ्याच्या पायाखाली फिरणारी तबकडी असते. जखम झाली की ती एक घर फिरवायची, आणि खिडकीत वेग, हल्ला, बचाव यांचे नवे आकडे येतात, बहुतेक वेळा उतरते. वीर दमत चाललाय हे कट्‌ कट्‌ आवाजासकट कळतं. पण काही वीर असे बनवलेले असतात, की चवताळल्यासारखे मध्येच चढतात. मग अशा वीराचा एकच दर ठरवायचा तरी कुठल्या घरावरून?

पुढचा पेच याहून खोल आहे. ६ दराचा एक महाबली बरा, की ३ चे दोन मध्यम बरे? क्रायसिस प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक वीराला आपल्या पाळीत दोन कृती मिळतात. म्हणजे दोघांना मिळून चार. दोघं दोन जागी उभे राहू शकतात, महाबली एकाच जागी. तेव्हा ६ चा वीर ३ च्या वीरापेक्षा नुसता दुप्पट असून भागत नाही. मग किती पट हवा?

याचं उत्तर एका मोटार बनवणाऱ्या इंजिनिअरने शंभर वर्षांपूर्वीच शोधून ठेवलंय. फ्रेडरिक लँचेस्टर त्याचं नाव. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१६ मध्ये विमानांच्या लढाईवरच्या पुस्तकात त्याने एक हिशेब मांडला. मोकळ्या मैदानात ५०० जण ३०० जणांशी लढताहेत. सगळे सारखेच कसलेले, सगळ्यांकडे लांबून मारा करणारी शस्त्रं. शेवटच्या माणसापर्यंत लढाई झाली, तर ५०० मधले किती उरतील? तुम्ही मनात २०० म्हणालात. उत्तर आहे ४००!

कसं काय? संख्या दोनदा कामी येते. जास्त माणसं म्हणजे जास्त मारा, आणि समोरून येणारा मारा जास्त माणसांत वाटला जातो. म्हणून ताकद संख्येच्या वर्गाने मोजायची. ५ चा वर्ग २५, ३ चा वर्ग ९, वजाबाकी १६, आणि १६ चं वर्गमूळ ४. शाळेत वर्गमूळं काढून काढून कंटाळलो होतो, तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर!

लँचेस्टरचाच दुसरा हिशेब आहे. तीच माणसं अरुंद जागेत, एकास एक अशीच भिडू शकत असतील, तर संख्येचा वर्ग गळून पडतो. मागच्यांनी नुसतं वाट बघायची. तिथे ५०० तले २०० च उरतात.

आता १३ जुलै १६६० आठवा. पन्हाळ्याहून निघालेले शिवाजी महाराज विशाळगडाकडे जाताहेत, सिद्दी मसूदची फौज पाठीवर आहे आणि बाजीप्रभू देशपांडे घोडखिंडीत उभे राहतात, परंपरेप्रमाणे ३०० बांदलांसह. हिशेबापुरतं धरू, की समोर दसपट लोक होते. मैदानात त्यांना बरोबरीत रोखायचं, तर दहाचा वर्ग शंभर. बाजींच्या एकेका माणसाला शंभरांचं बळ लागलं असतं. खिंडीत? दहांचं. माणसं तीच, तलवारी त्याच, आणि नुसत्या जागेने गरज दहापटीने खाली आणली. शिवाय तिथे शत्रूला संपवायचं नव्हतंच, महाराज गडावर पोचेपर्यंत वेळ काढायचा होता. क्रायसिस प्रोटोकॉलमध्येही लोळवलेली डोकी सहसा मोजत नाहीत. मोक्याच्या जागा धरून ठेवल्या की गुण मिळतात आणि १६ गुण झाले की डाव जिंकता येतो. तेव्हा बाजीप्रभूंचा पत्ता बनवणाऱ्याने हल्ल्याचे फासे मोजत बसू नये. जागेवरून न हलण्याची काहीतरी शक्ती लिहावी. दर मात्र पट पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. खिंड असेल तर ६ सुद्धा स्वस्त, आणि मोकळं माळरान असेल तर ४ ही महाग.

त्यात आणखी सोबत्यांचा प्रश्न. शर्यतीच्या गाड्याला एकटा बैल कितीही चपळ असो, जोडीदार त्याच्या चालीचा नसेल तर सगळं मुसळ केरात. शिरूर-खेडकडच्या गाडामालकांना हे सांगायला नको. नव्या वीराचंही तसंच. एकटा सुमार, पण कुणाला तरी फासे पुन्हा टाकू देणारा असेल, तर सगळ्या चमूचा भाव वधारतो.

हे मोजायचं कसं? खेळून. शेकडो वेळा, एकेक आकडा बदलत. मोहऱ्यांना किंमत लावायची ही खोड जुनीच आहे. नवव्या-दहाव्या शतकातल्या अरबी बुद्धिबळपटूंनी मोहऱ्यांच्या किमती चक्क दिरहम या नाण्यात लावल्या होत्या. हत्ती एक दिरहम, घोडा दोन तृतीयांश आणि वजीर जेमतेम एक तृतीयांशाच्या आसपास! कारण तेव्हाचा वजीर तिरका एकच घर चालायचा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला आजची चाल मिळाली आणि तोच पटाचा धनी झाला. २०२० मध्ये माजी जगज्जेता क्रॅमनिक आणि डीपमाइंडच्या संशोधकांनी अल्फाझिरो या स्वतःशीच खेळून शिकणाऱ्या संगणकाकडून किमती काढल्या. प्यादं १ धरलं तर घोडा ३.०५, उंट ३.३३, हत्ती ५.६३, वजीर ९.५. मग त्यांनी नियम थोडे बदलून पाहिले, उदाहरणार्थ आपलंच मोहरं मारायची मुभा दिली, आणि किमती पुन्हा हलल्या.

वीरांची किंमत करायचीच नाही, असाही एक मार्ग आहे, आणि तो सावंतवाडीच्या गंजिफांत सापडतो. गोल, लाखेचं काम केलेल्या, हाताने रंगवलेल्या १२० गंजिफा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं: राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. आता राम मोठा की कृष्ण, हे कोण ठरवणार? कुठल्या घरात हा वाद नको व्हायला! म्हणून हुकूमच नाही, सगळे अवतार सारखे. पण उतारी कुणाची? दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची, रात्री खेळत असाल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. एवढ्यावरही थांबले नाहीत. पाच अवतारांत दश्शी भारी आणि एक्का हलका, तर उरलेल्या पाचांत एक्का भारी आणि दश्शी हलकी. म्हणजे हात उचलून पाहिला आणि दश्श्याच दश्श्या दिसल्या, तर खुश व्हायचं की कपाळाला हात लावायचा, हे त्यांच्यावर कुठल्या अवताराचं चित्र आहे ते बघूनच ठरवायचं.