पत्र पोचलं, पण उत्तर कुठे धाडायचं?

दोस्तांनो, मामाच्या पत्राला उत्तर लिहिताना तुम्ही पाकिटावरचा त्याचा पत्ता बघता ना? १९८० च्या सुमारास अमेरिकेत ई-मेल धाडणाऱ्यांची खरी पंचाईत व्हायची ती या परतीच्या पत्त्यापायीच!

तेव्हा संगणकांचं एकच मोठं जाळं नव्हतं. 'यूयूसीपी' पद्धतीचे संगणक एकमेकांना फोन लावून (बहुधा रात्री, कारण तेव्हा फोन स्वस्त!) पत्रं पुढे सरकवत. समजा, 'गुलाब' नावाच्या संगणकावरून मीनाने पत्र धाडलं. परतीचा पत्ता झाला गुलाब!मीना. वाटेतला 'कमल' त्यापुढे आपलं नाव जोडणार: कमल!गुलाब!मीना. म्हणजे पत्ता कसला, परतीची अख्खी वाटच ती!

'अर्पानेट'ची तऱ्हा निराळी. तिथे १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी @ हे चिन्ह वापरलं. आधी माणूस, मग संगणक.

आता मीनाचं पत्र 'मोगरा' या वेशीवरच्या संगणकातून अर्पानेटमध्ये शिरलं. पत्ता झाला कमल!गुलाब!मीना@मोगरा. उत्तर आधी कुठे जाईल? अर्पानेटवाला म्हणणार मोगऱ्याकडे, यूयूसीपीवाला म्हणणार कमलकडे. आपापल्या नियमाने दोघेही बरोबर, आणि मीनाचं उत्तर बेपत्ता!

म्हणून वेशीवरच्या संगणकाला पत्ता पुढच्या जाळ्याच्या रीतीने नव्याने लिहावा लागे. एरिक ऑलमन यांचा 'सेंडमेल' प्रोग्रॅम हेच किचकट काम करी. अखेर १९८६ मध्ये लेखी नियम आला: सरमिसळ असेल तर @ चा मान पहिला. मीनाचं उत्तर आधी मोगऱ्याकडे!