मुलांच्या हृदयाभोवती पाणी : प्रत्येक धाप कफाची नसते

संगमेश्वर : मुलाला ताप आहे, धाप लागते, आडवे केले की ते रडते आणि पुढे वाकून बसवले की जरा शांत होते. पावसाळ्यात तालुक्यात ताप-खोकला घरोघरी असतोच. त्यामुळे 'कफ झाला' असे समजून औषध दिले जाते. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. क्वचित मात्र दुखणे हृदयाच्या आवरणात असते.

या दुपदरी आवरणात वंगणापुरता द्रव असतो. सूज आली की तो वाढतो. 'छातीत पाणी झाले' असे लोक म्हणतात ते बहुधा फुफ्फुसाभोवतीचे. हे पाणी वेगळे. क्षयरोगात मात्र दोन्ही एकाच वेळी आढळू शकतात. विषाणुसंसर्ग, पू करणारे जिवाणू, संधिवाताचा ताप, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग आणि हृदयशस्त्रक्रिया ही अन्य कारणे होत.

पाणी किती, यापेक्षा ते किती वेगाने साठले हे महत्त्वाचे. हळूहळू साठले तर आवरण सैल होत जाते. झपाट्याने साठले तर थोडे पाणीही हृदयाला आवळते आणि त्यात पुरेसे रक्त भरत नाही. मानेच्या शिरा फुगणे, हातपाय गार पडणे, नाडी जलद व क्षीण होत जाणे ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी लघवी वाढवणारे औषध दिल्यास प्रकृती आणखी ढासळू शकते.

पाणी जास्त असल्यास एक्स-रेमध्ये हृदयाची सावली घड्यासारखी फुगलेली दिसते. खात्री होते ती इकोकार्डिओग्राफीने. विषाणूमुळे झालेले थोडे पाणी विश्रांती व सूज उतरवणाऱ्या औषधांनी ओसरते. हृदय आवळले गेले असेल तर इकोच्या साहाय्याने सुई घालून पाणी काढतात व ते तपासतात. पू असल्यास नळी बसवून काही आठवडे प्रतिजैविके द्यावी लागतात. क्षयाचे उपचार किमान सहा महिन्यांचे असून सरकारी केंद्रांत औषधे मोफत मिळतात. ते अर्धवट सोडल्यास आवरण जाड व कडक होण्याचा धोका वाढतो. मग शस्त्रक्रियेखेरीज इलाज उरत नाही.

संगमेश्वरकरांसाठी रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय आणि डेरवणचे वालावलकर रुग्णालय ही जवळची मोठी ठिकाणे. गुंतागुंत असल्यास परळच्या वाडिया बालरुग्णालयासारख्या ठिकाणी जावे लागते. धाप वाढत असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि प्रवासात मुलाला सक्तीने आडवे न करता टेकवून बसवावे.