जेवण नाही, मग साखर येते कुठून?

काही महिन्यांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात पचनसंस्थेवर बोलणं चाललं होतं. चहाच्या सुटीत पाचवीच्या एक वर्गशिक्षिका आमच्यापाशी आल्या. त्यांच्या वर्गात रोज इन्सुलिन घेणारी एक मुलगी आहे. तिला एका शुक्रवारी ताप आला, शनिवारी उलट्या सुरू झाल्या. पोटात काही ठरेना. आईनं विचार केला, पोर जेवलीच नाही तर सुई कशाला टोचायची? उगाच साखर खाली जायची. रविवारी संध्याकाळी मुलगी धापा टाकल्यासारखा खोल श्वास घेऊ लागली, हाकेला ओ देईना. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तातली साखर ५०० च्या वर होती. तीन दिवस अतिदक्षता विभागात काढून ती घरी आली. बाईंचा प्रश्न सरळ होता, "दोन दिवस पोटात अन्नाचा कण नाही, मग एवढी साखर आली कुठून?"

त्या आईला अडाणी म्हणायचं आमच्या जिभेवर येत नाही. आपण शाळेत जे शिकवतो त्यावरून तिनं काढलेला निष्कर्ष अगदी तर्कशुद्ध आहे. अन्न पचतं, त्याचं ग्लुकोज होतं, ते आतड्यातून रक्तात जातं. फळ्यावरचा बाण इथं संपतो. अन्न नाही तर ग्लुकोज नाही. शिवाय तापात लंघन बरं, हे आपण आजीकडून ऐकत आलेलो असतो. चूक बाणांच्या संख्येत आहे. रक्तात साखर आणणारा आणखी एक बाण आहे आणि तो यकृताकडून येतो.

हा बाण शोधला क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानं. साखर फक्त वनस्पती तयार करतात आणि प्राणी ती खाऊन संपवतात, अशी त्या काळची समजूत होती. १८४८ साली बर्नारला दिसलं, की केवळ मांसावर ठेवलेल्या कुत्र्याच्या यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तातही साखर असते. खाण्यात साखर नाही, तरी रक्तात आहे. पुढे १८५५ साली त्यानं एक साधा आणि फार सुंदर प्रयोग केला. नुकत्याच मारलेल्या कुत्र्याचं यकृत घेऊन त्याच्या रक्तवाहिन्यांतून पाण्याची धार सोडली. बाहेर पडणाऱ्या पाण्यात साखरेचा मागमूस उरला नाही, तेव्हाच तो थांबला. ते धुतलेलं यकृत तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर त्यात पुन्हा भरपूर साखर! म्हणजे यकृतात साखरेचा काहीतरी साठा होता आणि त्यातून ती सुटत होती. दोन वर्षांनी त्यानं तो साठा वेगळा काढला आणि त्याला ग्लायकोजेन असं नाव मिळालं.

आता थोडं गणित करू. हे वर्गातही करून घेता येईल. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात उपाशीपोटी १०० मिलिग्रॅमच्या आतबाहेर ग्लुकोज असतं. सगळ्या रक्तात मिळून किती झालं? जेमतेम ५ ग्रॅम, एक चहाचा चमचा. आपल्या यकृतात ग्लायकोजेनचा साठा साधारण १०० ग्रॅम असतो. आणि ६० किलो वजनाच्या माणसाचं यकृत उपाशीपोटी दर तासाला ७ ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज रक्तात सोडतं. म्हणजे रक्तात एकूण जेवढी साखर आहे, त्याहून जास्त साखर यकृत दर तासाला ओततं. साठा आटला की ते स्नायूंतल्या प्रथिनांपासून नवं ग्लुकोज घडवू लागतं. हे थांबून चालणारही नाही, कारण आपला मेंदूच दिवसाला १०० ग्रॅमहून जास्त ग्लुकोज वापरतो. रात्रीचं जेवण आठला आणि सकाळचा चहा सातला, या मधल्या अकरा तासांत आपल्याला भोवळ येत नाही ती याच कारखान्यामुळे.

घराच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांपुढे आणा. तिला पाणी आणणारे दोन नळ आहेत, एक आतड्याचा आणि एक यकृताचा. पाणी बाहेर नेणारा पाइप पेशींकडे जातो. इन्सुलिन दोन कामं एकदम करतं. पेशींकडचा पाइप मोकळा करतं आणि यकृताचा नळ आवळून धरतं. आपण बोलताना फक्त पहिलं काम सांगतो, दुसरं विसरतो. उपाशी माणसाच्या बाबतीत नेमकं दुसरंच महत्त्वाचं असतं.

ताप आला की काय होतं? जंतूंशी लढायला इंधन लागणार हे शरीर ओळखतं. ताप एक अंश सेल्सिअसनं वाढला तर चयापचयाचा वेग १० टक्क्यांहून अधिक वाढतो. ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल आणि ॲड्रिनॅलिन सोडतात, स्वादुपिंड ग्लुकॅगॉन सोडतं. ही संप्रेरकं इन्सुलिनच्या उलट बाजूनं ओढतात. यकृताचा नळ सैल होतो, पेशींकडचा पाइप अरुंद होतो. निरोगी माणसाचं स्वादुपिंड तेवढं जास्त इन्सुलिन सोडून तोल सांभाळतं. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात, त्यामुळे जे काही इन्सुलिन असेल ते सुईतूनच येणार. म्हणूनच तापाच्या दिवशी न जेवता त्याची गरज बहुधा नेहमीपेक्षा वाढते. अशा दिवशी सुई बंद केली तर टाकीचा एक नळ पुरता उघडा आणि बाहेरचा पाइप बुजलेला!

टाकी भरून वाहू लागते तेव्हा पाणी मूत्रपिंडातून जातं. रक्तातली साखर १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती सगळी परत शोषून घेता येत नाही. साखर लघवीत जाते आणि जाताना पाणी आणि क्षार ओढून नेते. मूल सारखं लघवीला जातं, तहानेनं कासावीस होतं. त्यात उलट्या असतील तर पाण्याची आवक बंद, जावक चालू.

तरीही नुसत्या साखरेनं त्या मुलीची शुद्ध एवढ्या लवकर हरपली नसती. खरा घात कीटोन करतात. इन्सुलिनचं आणखी एक काम चरबी जागच्या जागी धरून ठेवण्याचं आहे. इन्सुलिन नसलं की चरबीतून मेदाम्लं सुटतात, यकृतात जातात आणि तिथं त्यांचे कीटोन होतात. थोडे कीटोन होणं वाईट नाही. कडक उपवास करणाऱ्या निरोगी माणसातही ते होतात आणि मेंदू ते इंधन म्हणून वापरतो. पण त्याच्या रक्तात थोडं तरी इन्सुलिन असतं, ते या प्रकाराला लगाम घालतं. इन्सुलिन अजिबात नसेल तर लगामच नाही, आणि यातले मुख्य कीटोन आम्लधर्मी असतात.

इथं एक प्रयोग करून दाखवावा. काचेच्या पेल्यात पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवा आणि त्यात थोडं थोडं व्हिनेगर घाला. फसफसून वायू बाहेर पडतो, तो कार्बन डायॉक्साइड. सोडा आहे तोवर आम्ल मारलं जातं. सोडा संपला की पुढचं आम्ल तसंच राहतं, लिटमस कागद लाल होतो. आपल्या रक्तातही सोड्यातलंच बायकार्बोनेट असतं. कीटोनांचं आम्ल त्याच्याशी भिडतं, कार्बन डायॉक्साइड तयार होतो आणि तो बाहेर टाकण्यासाठी फुप्फुसं जोरानं काम करू लागतात. खोल, लांब, दमल्यासारखा श्वास. अडॉल्फ कुसमाउल या जर्मन वैद्यानं १८७४ साली मधुमेही रुग्णांत या श्वासाचं वर्णन केलं. तो आजही त्याच्याच नावानं ओळखला जातो. त्या श्वासाला अनेकदा पिकलेल्या फळासारखा किंवा नखांचं रंग काढायच्या द्रावासारखा वास येतो, तो ॲसिटोनचा. काहींना हा वास येतच नाही, म्हणून वास नाही एवढ्यावर निर्धास्त राहू नये. कीटोन वाढले की पोट दुखतं आणि उलट्या होतात. घरचे म्हणतात पित्त झालं असेल, बाहेरचं काही खाल्लं असेल. उलट्यांमुळे जेवण जात नाही, जेवण नाही म्हणून सुई नाही, सुई नाही म्हणून कीटोन आणखी वाढतात. बाईंच्या विद्यार्थिनीच्या घरी याच चक्रात दोन दिवस गेले.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. दिवसभर हळूहळू काम करणारं जे इन्सुलिन असतं, ते यकृताचा नळ आवळण्यासाठीच आहे, त्याचा जेवणाशी संबंध नाही. किती घ्यायचं हे मात्र साखर मोजूनच ठरतं. सर्दी-तापात बहुधा जास्त लागतं. जुलाब-उलट्यांत साखर खालीही येऊ शकते, तेव्हा मात्रा कमी करावी लागते. पण शून्य कधीच नाही. प्रत्येक मुलाचं हे गणित डॉक्टरांकडून आधीच, मूल ठणठणीत असताना लिहून घ्यावं. रात्री दोन वाजता फोनवर शोधाशोध करण्यात अर्थ नसतो.

एरवी दिवसातून तीन-चारदा साखर मोजणाऱ्यांनी आजारात दर तीन-चार तासांनी मोजावी, रात्रीसुद्धा. ती २५० च्या वर राहत असेल किंवा उलट्या होत असतील तर कीटोन तपासावेत. लघवीत बुडवायच्या पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात, काही यंत्रांवर बोटाच्या थेंबातूनही कीटोन कळतात. रक्तातली तपासणी जास्त भरवशाची. लघवीच्या पट्टीला एकाच जातीचा कीटोन दिसतो आणि जो सर्वांत जास्त साचतो तो नेमका तिला दिसत नाही. साखर कमी आणि कीटोन जास्त असंही होऊ शकतं, विशेषतः जुलाब-उलट्या झालेल्या लहान मुलांत. अशा वेळी गोड पेय आणि इन्सुलिन दोन्ही लागतात. मधुमेही मुलाला गोड पाजायचं ऐकून घरचे दचकतात, पण इथं तेच औषध असतं.

पाणी घोट-घोट करून सतत द्यावं. भाताची पेज, वरणाचं पाणी, ताक, जे पोटात टिकेल ते. जलसंजीवनीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण 'त्यात साखर आहे' म्हणून मधुमेही घरांत ती टाळली जाते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ पासून सुचवलेल्या मिश्रणात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. पेलाभर द्रावणात ३ ग्रॅमही नाही. आणि ते चवीपुरतं नसतं. आतड्याच्या पेशींत एक वाहक प्रथिन आहे, ते सोडियमला ग्लुकोजच्या जोडीनंच आत घेतं. सोडियमच्या मागून पाणी जातं. ग्लुकोज काढून टाकलं तर मीठ-पाणी बरंचसं तसंच खाली निघून जातं. १९७१ साली बनगाव इथल्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना हे द्रावण पाजून मृत्यू कितीतरी कमी केले, ते याच तत्त्वावर. तेव्हा जुलाब-उलट्या झालेल्या मधुमेह्यानं ते जरूर घ्यावं, साखर मोजत राहावी. दुकानात मिळणारी गोड पेयं म्हणजे जलसंजीवनी नव्हे. त्यांत साखर बरीच जास्त असते.

घरातल्या आजी-आजोबांचा, म्हणजे दुसऱ्या प्रकारचा मधुमेह थोडा निराळा. आपल्या देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत आढळलं. त्यांतले बहुसंख्य याच प्रकारचे. त्यांच्या अंगात स्वतःचं थोडं इन्सुलिन असतं, त्यामुळे कीटोनांचा धोका कमी. त्यांचा प्रश्न गोळ्यांचा असतो. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. जेवण न जाता त्या घेतल्या तर साखर धोकादायक खाली येऊ शकते. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं असताना मेटफॉर्मिन घेणं बरं नाही. डापाग्लिफ्लोझिनच्या कुळातल्या नव्या गोळ्या साखर लघवीवाटे काढतात. आजारात त्या चालू राहिल्या तर साखर फारशी चढलेली नसतानाही कीटोन साचू शकतात, आणि ग्लुकोमीटर पाहून कुणाला शंकाही येत नाही. म्हणून आजारपणात कोणती गोळी थांबवायची हे डॉक्टरांना आधीच विचारून औषधाच्या डब्यावर चिकटवून ठेवावं. थांबवायच्या यादीत इन्सुलिन नसतं.

दोन-चार तास घोटभर पाणीही ठरत नसेल, कीटोन वाढतच असतील, श्वास खोल झाला असेल, मूल सुस्त पडलं असेल किंवा पोट फार दुखत असेल, तर घरी थांबू नये. मोठं रुग्णालय गाठावं, आणि दारातच 'मुलाला मधुमेह आहे, इन्सुलिनवर आहे' हे सांगावं.

बाईंनी निघताना विचारलं, की मुलगी शाळेत परत आली आहे, आता त्यांनी काय पाहावं? ताप उतरल्यावरही वाढलेली गरज काही दिवस रेंगाळते, मग एकदम ओसरते. त्या वळणावर कालचीच मात्रा आज जास्त होऊ शकते. घाम, हात थरथरणं, चिडचिड, उत्तर येत असून अडखळणं दिसलं तर आधी ग्लुकोज किंवा साखरेचं पाणी द्यायचं आणि मग साखर मोजायची. आणि त्या आठवड्यात ती तासाला दोनदा पाणी प्यायला किंवा लघवीला जायचं म्हणाली तर मधल्या सुटीपर्यंत थांब असं म्हणायचं नाही. तिच्या आईला त्याच दिवशी कळवायचं.