सल्ला बाहेरचा, ठराव गावाचा

मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या कुशीत कपिलधार आहे. मन्मथस्वामींची समाधी, पावसाळ्यात कोसळणारा धबधबा आणि कार्तिकी पौर्णिमेची यात्रा ही या ठिकाणाची ओळख. एरवी वस्ती थोडी. यात्रेत मात्र पाय ठेवायला जागा नसते. अशा ठिकाणचे पाणी, रस्ते, भक्तनिवास यांचे आराखडे अनेकदा बाहेरचे खासगी सल्लागार तयार करतात. या सल्लागारांविषयी गावोगाव जे समज आहेत, त्यांची किंमत शेवटी गावालाच मोजावी लागते.

गैरसमज १ : तज्ज्ञ फक्त बाहेरच मिळतात.
वस्तुस्थिती : पंचायत समितीकडे अभियंते असतात. जिल्हा परिषदेत बांधकाम आणि ग्रामीण पाणीपुरवठा हे विभाग आहेत. विहिरीची जागा शोधायला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून काम करते आहे. पदं रिकामी असतात, एकेका अभियंत्याकडे कितीतरी गावं असतात, हे खरं. पण आधी घरचं दार ठोठवावं, मगच बाहेर जावं.

गैरसमज २ : सल्लागार नेमला म्हणजे पैसे खाल्ले.
वस्तुस्थिती : सरसकट असं म्हणणं अन्याय आहे. डोंगरउताराची पाहणी, पुलाचं संकल्पन ही कामं त्यातल्या जाणकारांचीच. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनच्या नियमांतच गावाला मदत करणाऱ्या संस्था आणि कामाची त्रयस्थ तपासणी यांची तरतूद आहे. धोका वेगळा आहे. शुल्क प्रकल्पाच्या खर्चाच्या टक्केवारीवर ठरलं, तर अंदाजपत्रक फुगलं की शुल्कही फुगतं. म्हणून करार नीट वाचावा. आराखडा करणारा, काम करणारा आणि काम तपासणारा हे तिघं वेगवेगळे असावेत.

गैरसमज ३ : आराखडा सल्लागाराचा, गावाने फक्त सही करायची.
वस्तुस्थिती : ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना नियोजनात घटनात्मक स्थान दिलं. ‘आमचं गाव, आमचा विकास’ उपक्रमात ग्रामपंचायतीचा विकास आराखडा ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो, आणि वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणं बंधनकारक आहे.

हा अधिकार का वापरायचा, ते कपिलधारसारख्या ठिकाणी लगेच कळतं. जलजीवन मिशनचा हिशेब माणशी रोज ५५ लिटरचा. समजा, गाव हजार वस्तीचं आहे. म्हणजे रोजची गरज ५५ हजार लिटर. आता यात्रेच्या दिवशी पन्नास हजार माणसं आली आणि प्रत्येकाला पिण्यापुरतं पाच लिटर धरलं, तरी अडीच लाख लिटर लागतील. लोकसंख्येच्या तक्त्यात हा आकडा दिसत नाही. तो ठाऊक असतो यात्रेत रांजण भरणाऱ्या बायांना आणि टँकरची वाट पाहणाऱ्या पोरांना. कार्तिकात झरा किती वाहतो, हेही त्यांनाच माहीत. ग्रामसभेत त्या बोलल्या नाहीत, तर उत्तम अभियंत्याची टाकीसुद्धा अपुरी पडेल.

गैरसमज ४ : सल्लागाराचा अहवाल मागायचा गावकऱ्यांना हक्क नाही.
वस्तुस्थिती : माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार कार्यालयाकडचे अहवाल आणि करार ही माहितीच आहे. दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो, आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कामाची पाहणी करण्याचा, साहित्याचा नमुना घेण्याचा हक्कही याच कायद्यात आहे.

पुढच्या ग्रामसभेत चार गोष्टी विचारा : सल्लागार गावात किती दिवस राहिला? कोणाशी बोलला? त्याचं शुल्क कशावर ठरलं? आराखडा मराठीत कुठे वाचायला मिळेल? आणि ही उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. सल्लागार अहवाल देऊन निघून जातो. गळणारी टाकी आणि खचलेला रस्ता गावाच्याच वाट्याला येतो. म्हणून ठराव वाचून, समजून घेऊन मगच हात वर करा.