रेणूंचे आकार, लेखांक सातवा : पेले आणि ट्यूब यांचा सांधा

गेल्या लेखांकात टोल या ग्राही प्रथिनाचा परिचय झाला. पेशीच्या पटलात आरपार रुतलेले हे प्रथिन बाहेरील श्पेट्सले नावाच्या लहान प्रथिनाशी बद्ध झाले, की पेशीच्या आत काही हालचाल सुरू होते आणि तिची परिणती डॉर्सल नावाचे प्रथिन केंद्रकात शिरून तेथील जनुके कार्यान्वित करण्यात होते, एवढे आपण पाहिले. ही मधली हालचाल कोणत्या स्वरूपाची असते आणि तिच्या मुळाशी कोणता आकार आहे, याचा खुलासा आज करावयाचा आहे. त्यासाठी १९९९ साली ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, पेले आणि ट्यूब या दोन प्रथिनांच्या एका स्फटिकरचनेपाशी जरा अधिक वेळ थांबावे लागेल. श्याव, टाउब, वासरमन आणि स्प्रँग या चौघांनी ती सिद्ध केली.

परंतु तत्पूर्वी, ही प्रथिने ज्या माशीची आहेत तिच्याविषयी थोडे. विरारच्या पूर्वेस, आमच्या मनवेलपाड्यात, हातगाडीवर पिकून काळे डाग पडलेल्या केळ्यांच्या फण्यांभोवती पावसाळा सरता सरता जी तांबड्या डोळ्यांची, जेमतेम तीन मिलिमीटर लांबीची चिलटे घोंघावत असतात, त्यांच्याच कुळातील ही ड्रोसोफिला. आंब्याच्या बागायतदाराला हैराण करणारी फळमाशी ती निराळी. ती धडधाकट फळाला भोसकून आत अंडी घालते, आणि ही आंबत चाललेल्या फळावरच्या यीस्टवर जगते. त्यामुळे जिवाणू आणि बुरशी यांच्या गराड्यातच हिचा सारा जन्म जातो, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. शास्त्राच्या दृष्टीने ही माशी आपल्याला परकी नाही. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला, आणि पुढे सत्तरच्या दशकात याच माशीची चेतासंस्था, तिचे घ्राण आणि तिची रसना यांवर कुलाब्याच्या त्या इमारतीत मोलाचे काम झाले. विरारहून रोज चर्चगेटची गाडी धरणाऱ्या विज्ञानशाखेच्या मुलामुलींना हा वारसा आपला वाटावा, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

आता मूळ विषय. माशीच्या अंड्यात पाठ कोणती आणि पोट कोणते याचा निवाडा गर्भाची स्वतःची जनुके करीत नाहीत. आईने अंड्यात आधीच भरून ठेवलेली प्रथिने आणि त्यांचे आराखडे तो करतात. टोल अंड्याच्या पटलावर सर्वत्र सारखाच पसरलेला असतो, परंतु श्पेट्सले मात्र पोटाच्या बाजूलाच छाटला जाऊन कार्यक्षम होतो. म्हणून संदेश उठतो तो पोटाकडून. त्या बाजूच्या केंद्रकांत डॉर्सल शिरतो, आणि तेथे स्नायू आदी ज्यांतून घडावयाचे त्या मध्यस्तराची उभारणी सुरू होते. टोल आणि डॉर्सल यांच्यामधली हालचाल चालविणाऱ्या ट्यूब आणि पेले या प्रथिनांपैकी एखाद्याचे जनुक ज्या मातेच्या ठायी निकामी असते, ती स्वतः दिसायला निकोप असते, तिची अंडीही फलित होतात, पण त्यांतील गर्भाला पोटच येत नाही. चहूबाजूंनी नुसती पाठ असा तो घडतो आणि मरतो. क्रिस्तियाने न्यूसलाइन-फोल्हार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी अशी उत्परिवर्तने चिकाटीने हुडकून काढली नसती, तर या प्रथिनांचे अस्तित्वही कोणास कळले नसते.

पेले हे कायनेज आहे, म्हणजे अन्य प्रथिनांवर फॉस्फेटाचा अंश चढविणारे विकर आहे, ही गोष्ट १९९३ साली निश्चित झाली. ट्यूबच्या अंगी असे कोणतेच रासायनिक कर्तृत्व नाही. तो निव्वळ मध्यस्थ. परंतु दोहोंच्याही अग्रभागी एकाच घाटाचा एकेक खंड आढळतो, आणि त्याला शास्त्रीय वाङ्मयात मृत्युखंड असे भयंकर नाव आहे. हा खंड प्रथम पेशींना मरणाची आज्ञा देणाऱ्या ग्राहींत सापडला म्हणून ते नाव पडले. येथे मात्र तो कोणाला मारीत नाही, उलट देहाची घडण करवितो. अमिनो आम्लांची साखळी सहा वेळा पिळून सहा सर्पिले तयार व्हावीत, आणि ती आपली पाणी टाळणारी अंगे आत वळवून परस्परांना बिलगावीत, अशी त्याची रचना आहे. १९९६ साली मानवी फास या ग्राहीतील मृत्युखंडाची रचना उलगडली, तेव्हा हा घाट प्रथमच नजरेस आला. परंतु एकटा खंड पाहून तो दुसऱ्याला कसा धरतो हे कळत नाही. ते कळण्यासाठी दोघांना एकत्र स्फटिकरूप द्यावे लागते, आणि म्हणूनच पेले-ट्यूबच्या त्या स्फटिकाचे महत्त्व. जागतिक प्रथिनसंग्रहात तो १डी२झेड या क्रमांकाने नोंदलेला असून ज्याला इच्छा असेल त्याला आपल्या घरातील संगणकावर तो फिरवून फिरवून न्याहाळता येतो.

त्या स्फटिकात जे दिसले ते अपेक्षेहून विलक्षण होते. दोन्ही खंडांचा घाट एकच असल्यामुळे ते समोरासमोर, समान बाजूंनी जुळत असतील, अशी कल्पना कोणीही केली असती. प्रत्यक्षात त्यांचे मीलन विषम आहे, एकाचे एक अंग दुसऱ्याच्या निराळ्याच अंगाशी भिडते. शिवाय ट्यूबच्या खंडात दुसऱ्या आणि तिसऱ्या सर्पिलांच्या दरम्यान साखळीचा एक जादा तुकडा घुसविलेला आहे, आणि खंड संपल्यावरही एक शेपटी पुढे जाऊन पेलेला जखडते. ही शेपटी शोभेची नव्हे, तिच्यावाचून सांधा टिकत नाही. संशोधकांनी सांध्यावरील अमिनो आम्ले हेतुपुरस्सर बदलून सजीवांत त्यांची कसोटी घेतली, तेव्हा मुख्य सांधा ढळला की संदेशही बंद पडतो, याची रुजुवात झाली. एखाद्या अमिनो आम्लाच्या फरकाने गर्भाचे पोट नाहीसे व्हावे, इतकी भिस्त त्या एवढ्याशा संपर्कपृष्ठावर आहे.

संदेश म्हटला की आपल्या मनात कचेरीतील हुकमाचे चित्र उभे राहते: साहेबाने लिहावे, कारकुनाने नक्कल करावी, शिपायाने पोचवावे, आणि प्रत्येक टप्प्यावर कागद हातोहात पुढे सरकावा. येथे असा कोणताही कागद नाही. मृत्युखंड कोणतीही रासायनिक क्रिया करीत नाही, काही देत नाही, काही घेत नाही. तो केवळ दोन प्रथिनांना एकमेकांच्या सन्निध आणून धरतो. ट्यूबची दोन निराळी अंगे दोघांना धरतात, एक टोलशी निगडित असलेल्या मायडी-८८ या प्रथिनाला आणि दुसरे पेलेला, हे २००२ साली दिसून आले. अशा रीतीने पटलापाशी पेलेचे अनेक रेणू जवळ आले म्हणजे ते एकमेकांवर फॉस्फेट चढवून जागे होतात. सान्निध्य हीच आज्ञा, आणि सान्निध्य घडविणारा आकार हाच तिचा एकमेव मजकूर, ही गोष्ट मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत खोल वाटते.

हीच यंत्रणा प्रौढ माशीत दुसऱ्या कामी येते, हे १९९६ साली झ्यूल ऑफमन यांच्या प्रयोगशाळेने दाखविले. टोल निकामी असलेल्या माश्यांच्या अंगावर बुरशीचे तंतू माजले, कारण बुरशीशी लढणारी प्रथिने त्यांना निर्माण करता येईनात. आंबलेल्या फळावर जन्म काढणाऱ्या प्राण्याला ही तजवीज किती निकडीची असेल, हे सांगावयास नको. ऑफमन यांना २०११ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मनुष्याच्या शरीरातही टोलची भावंडे आहेत, मायडी-८८ आहे, आणि पेलेच्या ठिकाणी आयरॅक नावाची कायनेजे आहेत. त्यांपैकी आयरॅक-४ ज्या मुलांत जन्मतःच नसते, त्यांना पू धरणारे जिवाणूजन्य आजार वारंवार आणि जिवावर बेतण्याइतके होतात, हे २००३ साली निदर्शनास आले.

१९९९च्या स्फटिकाचे आणखी एक वैशिष्ट्य त्या वेळी काहीसे गूढच राहिले होते. त्यात पेले आणि ट्यूब यांच्या जोड्या एका ओळीत मांडल्या गेल्या होत्या, आणि त्या ओळीचे टोक मोकळे होते; म्हणजे तीत आणखी खंड येऊन मिळण्यास वाव होता. २०१० साली मानवी मायडी-८८, आयरॅक-४ आणि आयरॅक-२ यांच्या मृत्युखंडांचे एकत्रित स्फटिक मिळाले, तेव्हा सहा, चार आणि चार असे चौदा खंड एका चढत्या सर्पिलात रचलेले दिसले, आणि माशीतील त्या मोकळ्या टोकाचा अर्थ लागू लागला.

डॉर्सलची कैफियत अद्याप बाकी आहे. कॅक्टस या प्रथिनाच्या बंधनातून तो सुटतो कसा, आणि त्याच्यावर सुमो नावाचे लहान प्रथिन चढविले गेले असता त्याचे वर्तन कसे पालटते, हे प्रश्न पुढील लेखांकाचे. आणि त्यासाठी परदेशापर्यंत जावे लागणार नाही, कारण पुण्याच्या आयसर संस्थेत गिरीश रत्नपारखी यांच्या प्रयोगशाळेत माशीच्या प्रतिकारव्यवस्थेवर आणि सुमोवर काम होत आले आहे.