जुनी भिंत आणि नवे सिमेंट

प्रवरेच्या काठचे नेवासे मराठी मनाला परिचित आहे ते ज्ञानेश्वरीचे जन्मस्थान म्हणून. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० च्या सुमारास, ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेवरील भाष्य सांगितले असे परंपरा मानते, तो पैस खांब तेथे आजही भक्तिभावाने जपला जातो. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतच्या वस्तीचे थर उलगडत गेले. होळकरांचे दिवाण चंद्रचूड यांनी अठराव्या शतकात बांधविलेले मोहिनीराजाचे मंदिर ही गावाची आणखी एक ओळख. एवढा वारसा लाभलेल्या गावाच्या निमित्ताने एक साधा प्रश्न उपस्थित करणे गैर ठरू नये. खांब आणि मंदिर यांचा अभिमान बाळगणारा आपला समाज जुन्या विटांच्या भिंतींची दुरुस्ती कशी करतो?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु भिंतीचे आयुष्य पुष्कळदा त्यावरच अवलंबून असते. दोन विटांमधील सांध्याला दरज म्हणतात. ऊन, पाऊस आणि वारा यांच्या माऱ्याने दरजेतील चुना काही दशकांनी झिजतो, पोकळ होतो, आणि ती पुन्हा भरावी लागते. दरजा भरण्याच्या या कामाला जुन्या मराठीत दरजबंदी असा नेमका शब्द आहे. आता मात्र तो मागे पडून ‘पॉइंटिंग’ हाच शब्द सर्वतोमुखी झाला आहे. शब्द बदलला याचे दुःख करण्याचे कारण नाही. शब्दाबरोबर कामही बदलले, ही खरी चिंतेची गोष्ट होय.

जुन्या भिंतीची दरज ही जाणूनबुजून विटेपेक्षा मऊ ठेवलेली असे. भिंतीत पाणी शिरते ते वरून पावसाचे आणि खालून जमिनीच्या ओलीचे. हे पाणी बाहेर पडण्यासाठी वाट शोधते. चुन्याची दरज सच्छिद्र असल्याने ओल तिच्यावाटे निघून जाते. पाण्याबरोबर आलेले क्षार तेथेच साठतात, फुगतात आणि दरजेचा भुगा करतात. झीज होते ती दरजेची. वीट शाबूत राहते. भिंत उन्हाने प्रसरण पावली किंवा पाया किंचित खचला, तरी ती हालचाल मऊ चुना सोसून घेतो. दरज ही अशी स्वतः झिजून विटेला राखणारी असते. पन्नास वर्षांनी ती पुन्हा भरता येते. फुटलेली जुनी वीट मात्र पुन्हा भाजून मिळत नाही.

हे काम ज्या साधनांनी होई ती साधी होती, पण त्यांच्यामागे मोठे ज्ञान उभे होते. चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना तयार करावयाचा, तो पाण्यात विरवावयाचा, आणि मग वाळू किंवा विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळून चुन्याच्या घाणीत मळावयाचा. वर्तुळाकार चरातून बैलाच्या ओढीने फिरणारे दगडी चाक हे या घाणीचे स्वरूप. गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणी घालण्याचीही अनेक ठिकाणी रीत होती. चुना मळून झाल्यावर गवंडी भिंतीकडे वळे. छिन्नी व हातोडीने, विटेच्या कडा न दुखवता, तो जुनी दरज खरवडून काढी. दरजेच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोल गेल्याशिवाय नवा चुना धरत नाही, हा त्यातील नियम. मग कुंच्याने धूळ झाडून भिंत पाण्याने भिजवावयाची. कारण कोरडी वीट चुन्यातील पाणी शोषून घेते आणि दरज सुटते. त्यानंतर अरुंद पात्याच्या लहान थापीने चुना आत दाबून भरावयाचा, थोडा आवळला की पुन्हा दाबावयाचा, आणि भिंतीवर ओले गोणपाट टांगून काही दिवस ती ओलसर राखावयाची. चुना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीच्याच रूपाला जातो. त्यास घाई चालत नाही.

दरजेला केवळ शोभेची बाब मानण्याची चूक इतरत्रही झाली आहे. अठराव्या शतकातील लंडनमध्ये घासून नेमक्या मापात आणलेल्या विटांचे, केसाएवढ्या बारीक सांध्यांचे बांधकाम हे श्रीमंतीचे लक्षण होते. ज्यांना ते परवडत नसे, त्यांच्यासाठी गवंड्यांनी एक युक्ती काढली. ओबडधोबड विटांच्या रुंद दरजा ते विटेच्याच रंगाच्या चुन्याने भरत, आणि त्यावर मधोमध पांढऱ्या चुन्याची बारीक फीत बसवून तिच्या दोन्ही कडा पट्टीच्या आधाराने, टोक वाकविलेल्या सुरीने, तासून काढत. दुरून पाहणाऱ्यास बारीक सांध्यांचा भास होई. ‘टक पॉइंटिंग’ या नावाने ही कला इंग्लंडबाहेरही पसरली. ती बतावणीच होती, यात शंका नाही. तरीही त्या बतावणीत एक प्रामाणिकपणा होता : फीत चुन्याची होती आणि खालची दरजही चुन्याची होती. डोळ्याला फसवीत असताना त्या गवंड्याने भिंतीला फसविले नाही.

आज आपण नेमके उलट करीत आहोत. इंग्लंडमध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले गेले ते १८२४ साली. पोरबंदरच्या कारखान्यात त्याचे भारतीय उत्पादन १९१४ साली सुरू झाले. नव्या बांधकामाला सिमेंटने जे बळ दिले ते कोणीही नाकारणार नाही. धरणे आणि पूल त्यावरच उभे आहेत. मात्र जुन्या, मऊ विटांच्या भिंतीत हेच बळ घातक ठरते. सिमेंटची दरज कठीण आणि घट्ट असते. ओलीची वाट बंद झाली की पाणी विटेतून बाहेर पडू लागते आणि क्षार विटेतच साठतात. लोणा लागतो, विटेचा दर्शनी पापुद्रा सुटतो, आणि काही वर्षांनी विटा खोल झिजून सिमेंटच्या रेघांची जाळी तेवढी पुढे उरलेली दिसते. झिजावयाची ती दरज टिकली. टिकावयाची ती वीट गेली. नेवासे तालुक्याला हा धोका विशेष आहे. नदीकाठची काळी जमीन आणि कालव्यांचे बागायती पाणी जेथे आहे, तेथे जमिनीतील ओल आणि क्षार हे घराच्या पायाशी नेहमीचेच.

यावर एक व्यवहारी आक्षेप घेतला जाईल. चुना मळणारा कोठे मिळतो? घाणी कोठे उरली? ठेकेदाराला चौरस फुटाच्या दराने बिल मिळते. सावकाश चालणारे काम त्याला परवडेल कसे? आक्षेप खोटा नाही. पण तो गवंड्याच्या विरुद्ध जात नाही. तो काम देणाऱ्याच्या विरुद्ध जातो. अंदाजपत्रकात ‘सिमेंट पॉइंटिंग’ एवढेच कलम असेल, तर चुन्याचे काम करू इच्छिणाऱ्या कुशल कारागिरालाही ते करता येणार नाही. मागणी नाही म्हणून कसब नाही, आणि कसब नाही म्हणून मागणी नाही, या चक्रात एकेक भिंत निकालात निघते आहे.

हे चक्र मोडण्यास मोठ्या निधीची गरज नाही. जुन्या शाळा, चावड्या, देवळे आणि वाडे यांच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात चुन्याच्या दरजबंदीचे स्वतंत्र कलम व त्याचा न्याय्य दर असावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून गवंडीकाम शिकविताना चुन्याचा पाठ असावा, आणि तो शिकविण्यास ज्या वृद्ध कारागिरांच्या हातात हे कसब आहे त्यांना मानधन देऊन बोलवावे. शिक्षकांनाही येथे काम आहे. गावातील जुन्या भिंती विद्यार्थ्यांना दाखवाव्यात. चुन्याची दरज कोठे आहे, सिमेंटची कोठे आहे आणि त्यांच्या शेजारच्या विटांची अवस्था काय आहे, याची नोंद मुलांकडून करून घ्यावी. इतिहास, रसायनशास्त्र आणि नागरिकशास्त्र यांचा एकत्र धडा त्या एका भिंतीवर मिळेल. आणि पुढे ती मुले ग्रामपंचायतीत किंवा बांधकाम खात्यात बसतील, तेव्हा निविदेवर सही करण्यापूर्वी त्यांना निदान एवढे विचारता येईल, की दरज कशाने भरणार?