उडी मारणारी कोळीण व तिच्या अंड्यांची निगा

कोळी म्हटला कीं जाळें, आणि जाळें म्हटलें कीं केरसुणी, असा आपल्या घरांतील रिवाज आहे. दसरा-दिवाळीच्या आधीं आढ्याचीं व कोपऱ्यांतील सर्व जाळीं निघतात, त्यांसरशीं आंतील जीवही जातो. परंतु याच घरांत एक कोळी असा आहे कीं तो जाळें विणीत नाहीं. उन्हें चढलीं म्हणजे तो भिंतीवर किंवा खिडकीच्या चौकटीवर येतो, वळून आपल्याकडे रोखून पाहतो, आणि माशी दिसली कीं मांजरासारखा दबत दबत जाऊन तिच्यावर झेप घालतो. यास आम्ही उडी मारणारा कोळी म्हणतों. त्याची मादी घरीं पाळून तिचीं अंडीं व पिलें सुखरूप पार पाडणें हा विषय या मासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं पोरकट वाटेल. तथापि धानाच्या बांधींत आपण जी फवारणी करतों तिचा हिशेब मांडतांना हा जीव जमेच्या बाजूस धरावा लागतो, आणि जवळून पाहिल्याखेरीज त्याची किंमत कळत नाहीं.

कोळी हा कीटक नव्हे. कीटकास सहा पाय व अंगाचे तीन भाग असतात. कोळ्यास आठ पाय व अंगाचे दोनच भाग. उडी मारणाऱ्या कोळ्यांचें कुल सर्व कोळ्यांत मोठें असून त्याच्या सहा हजारांहून अधिक जाती जगांत नोंदल्या गेल्या आहेत. त्यांस डोळे आठ. पुढचे दोन मोठे, मोटारीच्या दिव्यांसारखे. त्यांनीं भक्ष्याची आकृति नीट ओळखतां येते. बाकीचे सहा बाजूंस व मागें असल्यानें चोहोंकडील हालचाल समजते. म्हणून मागून बोट नेलें तरी तो गर्रकन वळतो. टोळासारख्या जाड मांड्या त्यास नसतात. अंगांतील द्रव एकदम पायांत दाबून तो मागचे पाय ताठ करतो व त्या झटक्यानें आपल्या लांबीच्या कित्येक पट दूर जाऊन पडतो. उडीपूर्वीं धाग्याचें एक टोंक जागेवर चिकटवून ठेवतो. नेम चुकला तर त्याच धाग्यास लोंबकळून वर चढून येतो. विहिरींत उतरणारा माणूस कमरेस दोर बांधतो, त्यांतलाच हा प्रकार.

आमच्या चामोर्शीकडे घरांत जी जात सांपडते तिचें शास्त्रीय नांव प्लेक्झिपस पायकुली. नर काळा, त्याच्या पाठीवर मधोमध पांढरा पट्टा व दोन्ही कडांस पांढऱ्या रेघा. मादी करड्या-तपकिरी रंगाची, पाठीवर फिकट रुंद पट्टा असलेली व मक्याच्या दाण्याएवढी. उष्ण देशांत माणसाच्या घरांबरोबर ही जात जगभर पसरली आहे. महाराष्ट्रांत नव्या जाती अद्यापि सांपडत आहेत. ठाण्याकडील अशाच एका कोळ्यास २०२१ सालीं शास्त्रज्ञांनीं 'इसियस तुकारामी' असें नांव दिलें. नोव्हेंबर २००८ मध्यें मुंबईवर झालेल्या हल्ल्यांत एका हल्लेखोरास जिवंत पकडून देतांना ज्यांनीं प्राण दिला, त्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ हें नांव आहे.

वैनगंगेकांठच्या वाचकांस आणखी एक गोष्ट गमतीची वाटेल. किपलिंग या इंग्रज ग्रंथकारानें १८९४ सालीं मोगलीच्या गोष्टी छापल्या. त्यांतील अरण्य शिवनीकडील व नदी वैनगंगा, म्हणजे आमच्या मार्कंड्याच्या देवळापाशीं वाहते तीच. दोनच वर्षांनीं, १८९६ सालीं, अमेरिकेंतील पेकहॅम पतिपत्नींनीं मेक्सिकोकडील एका उडी मारणाऱ्या कोळ्यास त्या गोष्टींतील काळ्या बिबट्याचें नांव दिलें : बघीरा किपलिंगी. पुढें २००९ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, हा कोळी मुख्यतः बाभळीच्या वर्गांतील झाडांच्या पानांवर येणाऱ्या मऊ गांठी खाऊन राहतो. नांव बिबट्याचें आणि आहार शाकाहारी! असो.

अमेरिकेंत फिडिपस नांवाची मोठी जात लोक हौसेनें पाळतात, तिची विक्रीही होते. आपणांस विकत आणण्याचें कारण नाहीं, व परक्या मुलखाचा जीव आणूंही नये. भिंतीवरील मादीवर पेला पालथा घालावा, खालून जाड कागद सरकवावा, कीं काम झालें. बोटांनीं धरूं नये. दाबली गेली तर ती क्वचित् चावते व थोडी आग होते, धोका नाहीं. परंतु तिचा पाय तुटण्याचें भय मोठें.

राहण्यास रुंद तोंडाची पारदर्शक प्लास्टिकची बरणी पुरे. झोंपण्यासाठीं ही कोळीण पांढऱ्या रेशमाची एक पिशवी विणते व ती नेहमीं सर्वांत उंच जागीं विणते. बरणी उभी ठेवली तर पिशवी झांकणास चिकटते, आणि दर वेळीं झांकण काढतांना तिचें घर फाटतें. याकरितां बरणी पालथी ठेवावी. झांकण खालीं, बूड वर. बाजूस तापल्या सुईनें बारीक भोकें पाडावीं. आंत एक काडी उभी करावी व एक वळलेलें वाळकें पान ठेवावें. बरणीवर ऊन येऊं देऊं नये. आमच्याकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हां तर ती माजघरांतच हवी. ज्या खोलींत डासांची अगरबत्ती जळते किंवा झुरळांचें औषध मारतात तेथें ती जगणार नाहीं. सर्वांत मोठा चोर म्हणजे मुंगी. दुधाच्या भांड्याप्रमाणें बरणीही पाण्याच्या परातींत उंच ठोकळ्यावर ठेवावी.

खाण्यास जिवंत माशी, लहान पतंग, तुडतुडा, असें तिच्या अंगाहून मोठें नसलेलें भक्ष्य दोन-तीन दिवसांआड द्यावें. मेलेलें ती सहसा घेत नाहीं. फवारलेल्या शेतांतील किडा देऊं नये. भूक ओळखण्याची खूण पोट : तें गोल असेल तर ठीक, सुरकुतलें तर उपास पडला. पाणी वाटींत ठेवूं नये. बरणीच्या बाजूस दोन-चार थेंब शिंपडावे, ते ती तोंड लावून पिते. मात्र आंत सदा ओल राहिली तर बुरशी धरते. कांहीं वेळां ती पिशवींत शिरून कित्येक दिवस बाहेर येत नाहीं. बहुधा ती कात टाकीत असते. तेव्हां आंत किडा सोडूं नये, कारण कात टाकतांना तिचें अंग मऊ असतें व किडाच तिला इजा करतो.

आतां अंड्यांचा प्रकार. भिंतीवरून आणलेली पूर्ण वाढलेली मादी पुष्कळदां नराशीं संग झालेलीच असते, व एकदां झालेला संग अनेक वेळच्या अंड्यांस पुरतो. प्रथम तिची भूक वाढते, पोट फुगतें. मग एकाएकीं खाणें सोडून ती पिशवी दाट विणूं लागते. दोन-चार दिवसांनीं रेशमांतून पाहिलें असतां पोट निम्मे झालेलें दिसतें, व तिच्या पायांखालीं मसुरीच्या आकाराची, पण तिच्याहून मोठी, चपटी गादी दिसते. तींत साधारण ३५ ते ६० अंडीं असतात. येथून पुढें पाळणाऱ्याचें काम मुख्यतः हात आंवरण्याचें. पिशवी उघडूं नये, बरणी हालवूं नये, विजेरीचा झोत टाकूं नये. फार त्रास झाला तर मादी अंडीं टाकून जाते किंवा स्वतःच खाते. नर न मिळालेली मादीही अंडीं घालते, पण तीं वांझ निघतात. तीं तिनें खाल्लीं तर दोष पाळणाऱ्याचा नव्हे.

या दिवसांत आई जवळजवळ उपाशीं असते. पिशवीच्या तोंडाजवळ दोन दिवसांआड सायंकाळीं पाण्याचा एक थेंब लावावा. तेवढ्यासाठीं ती अर्धें अंग बाहेर काढते. एखादी लहान माशी सोडून पाहावी, रात्रीं शिल्लक राहिली तर काढून घ्यावी. तिचें पोट वाळत जातें, रंग मळतो. पाहणाऱ्याच्या जिवास तें लागतें, परंतु तो रोग नव्हे. आमच्या घरच्या मंडळींनीं "बाबूजी, ही मरते, सोडून द्या" असा तगादा लाविला होता. घटस्थापनेची झाडलोट आली तेव्हां तर बरणी तीन खोल्या फिरली असती, पण तिला आम्हीं हात लावूं दिला नाहीं.

हवामानाप्रमाणें दोन ते चार आठवड्यांत अंडीं फुटतात. २०२४ सालच्या आमच्या टिपणवहींत गादी दिसल्याची नोंद ९ सप्टेंबरची, रेशमाआड हालचाल दिसल्याची १ ऑक्टोबरची, व पहिलें पिलूं बाहेर आल्याची ८ ऑक्टोबरची आहे. मधले दिवस पिलें आंतच असतात. अंड्यांतून निघालेलें पिलूं फिकट व दुबळें असून अंड्यांतील शिल्लक बलकावर जगतें. एकदां कात टाकल्यावर आईची लहान प्रतिमा होऊन बाहेर पडतें. तोंवर आई दाराशीं बसून असते. चीनमधील टॉक्सियस मॅग्नस नांवाच्या, मुंगीसारख्या दिसणाऱ्या उडी मारणाऱ्या कोळ्यांत तर आई पिलांस दुधासारखा द्रव पाजते, व त्यांत गाईच्या दुधाच्या सुमारें चौपट प्रथिनें असतात, असें २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. आमची कोळीण पाजीत नाहीं, राखण करते.

पिलें बाहेर पडलीं कीं दोन-तीन दिवसांत भूक लागते, आणि चिलटें न मिळालीं तर तीं एकमेकांस खातात. म्हणून अंडीं फुटण्यापूर्वींच सडकें केळें बाटलींत ठेवून, तोंडास मलमल बांधून, चिलटांची पैदास करून ठेवावी. उबेच्या दिवसांत दहा-बारा दिवसांत नवीं चिलटें निघतात. घरमाशी पिलांस झेपत नाहीं. पाणी फुंकरीनें उडालेल्या तुषारांएवढेंच. मोठ्या थेंबांत पिलूं बुडतें. पांच-सहा पिलें निरनिराळ्या लहान बाटल्यांत हौसेस ठेवावीं, बाकीचीं सोडावीं.

सोडावयाचीं तर कोठें? येथें शेताचा संबंध येतो. धानांत बुंध्याशीं पळणारा लांडगा कोळी हा तपकिरी तुडतुड्याचा मोठा वैरी. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या माहितीप्रमाणें तो दिवसास पांच ते पंधरा किडे खातो. त्याची मादी अंड्यांची गोळी बुडाशीं बांधून फिरते व पिलें पाठीवर वागविते. उडी मारणारा कोळी वरच्या पानांवर असतो, पान दुमडून त्यांत पिशवी करतो, हिरवे तुडतुडे व पतंग धरतो. आमची कोळीण बरणींत अंड्यांवर बसली होती त्याच भाद्रपद-आश्विनांत तिच्या बहिणी बांधींतील पानांत बसलेल्या असतात, आणि पाठीवरचा पंपही त्याच दिवसांत निघतो. आई जागा सोडीत नाहीं. औषध तिच्यावर पडतें. उलट तपकिरी तुडतुडा अंडीं घालतो तीं धानाच्या पानाच्या आवरणाआंत, तेथें फवारा पुरता पोंचत नाहीं. आठवड्यानें तीं फुटतात तेव्हां खाणारा कोणी उरलेला नसतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गांतील औषधांनंतर तुडतुडा कमी न होतां उसळतो, त्याचें एक मोठें कारण हें. इंडोनेशियांत याच अनुभवावरून १९८६ सालीं सरकारनें धानावर ५७ कीटकनाशकें वापरण्यास बंदी केली. इकडे मात्र एक दुकानदार आमच्या शेजाऱ्यास, बांधींत तुडतुडा दिसत नसतांही, "आधींच मारून ठेवा" म्हणून बाटली देतो. फवारणी कधींच नको असें आमचें म्हणणें नाहीं. दहा-वीस चूड वांकवून बुंध्याशीं तुडतुडे किती व कोळी किती हें दोन्ही मोजल्याशिवाय मात्र बाटलीचें बूच काढूं नये.

त्या शेजाऱ्यानें आमच्या धुऱ्यालगतच ६ ऑक्टोबरला फवारणी केली होती. त्यामुळें पिलें ठरल्या दिवशीं सोडतां आलीं नाहींत. बेचाळीस पिलें अकरा दिवस बाटल्यांत वागवावीं लागलीं. चिलटें पुरलीं नाहींत, व तेवीस उरलीं. तीं धुऱ्यावरील तुरीच्या झाडांवर सकाळीं दंव वाळल्यानंतर, एका झाडावर दोन या बेतानें सोडलीं. कांहीं पिलें शेंड्यावर चढून धागा वाऱ्यावर सोडतात व त्याबरोबर उडून जातात. तीं हरवलीं असें समजूं नये. आईस त्यानंतर पंधरा दिवस रोज माशी दिली, तिचें पोट भरून आलें, आणि नोव्हेंबरांत तिनें बरणीच्या त्याच बुडाशीं दुसरी पिशवी विणली. दुसऱ्या खेपेस अंडीं बहुधा कमी असतात, व थंडीमुळें दिवस अधिक लागतात. तेवढे हिशेबांत धरून चिलटांची बाटली उशिरां मांडावी.